साळव्यांच्या तीन नोंदी

त्या पुराच्या दिवशी आमच्या क्लबची बोट कोणी चालू केली, याबद्दल क्लबात आता तीन कहाण्या ऐकायला मिळतात. एकीत ती सेक्रेटरींनी चालू केली. दुसरीत नामदेव नावाड्याने. तिसरीत ती ‘ऐनवेळी देवाच्या कृपेने’ चालू झाली. ही तिसरी कहाणी वार्षिक अहवालात छापलेली आहे आणि तो अहवाल मीच टाइप केला आहे. तिन्हींत प्रल्हाद साळवे हे नाव नाही. देवाबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण त्या दिवशी तो कार्ब्युरेटर उघडून बसलेला मी पाहिला नाही. साळव्यांना पाहिलं.

खडकवासला धरणाच्या मागच्या पाण्यावर हा क्लब आहे. नाव लिहीत नाही. शिडाच्या होड्या, वल्ह्यांच्या होड्या, आणि कुणी बुडू लागलं तर उचलायला एक मोटरबोट. ही मोटर म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं इंजिन, आउटबोर्ड म्हणतात ते. आमचं टू-स्ट्रोक, जुनं, झाकणाचा रंग उडालेलं. साळवे त्याचे मेकॅनिक. मी धायरीची पोकळे, ऑफिसात पत्रं आणि मीटिंगची इतिवृत्तं लिहिणारी. चौदा वर्षं आमची टेबलं एकाच व्हरांड्यात होती. माझ्या टेबलावर कॉम्प्युटर, त्यांच्या टेबलावर पाने-पक्कड.

ते कामाला लागले तो दिवस मला नीट आठवतो. कुणी पाहुणे यायचे होते, धक्क्यावर सतरंजी अंथरली होती आणि मोटर चालू होत नव्हती. नामदेव घामाघूम होऊन स्टार्टरची दोरी ओढत होता. आजूबाजूला सहा सभासद, सहा सल्ले. एक म्हणाला प्लग गेला, दुसरा म्हणाला इंजिन जाम झालं, तिसऱ्याने मुंबईच्या कुठल्याशा माणसाला फोन लावला होता. तेवढ्यात इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, सडपातळ, पन्नाशीचा एक माणूस हातात लोखंडी पेटी घेऊन आला. पेटी खाली ठेवली, बाह्या तीन घड्या घालून वर केल्या आणि म्हणाला, “थांबा. ओढू नका. आधी बघा.”

त्याने फक्त बघितलं. हात मागे बांधून, देवळाला प्रदक्षिणा घालावी तसं मोटरीभोवती फिरून बघितलं. मग विचारलं, “ती लाल दोरी कुठाय?”

चालवणारा पाण्यात पडला तर इंजिन आपोआप बंद व्हावं म्हणून एक लाल दोरी असते. तिची क्लिप बटणाला लावलेली नसेल तर ठिणगीच पडत नाही, मग दोरी ओढून हात उखडला तरी मोटर ढिम्म. ती दोरी एका सभासदाच्या गळ्यात होती. शिट्टीची समजून घातली होती.

क्लिप लावली, नामदेवने एकदा ओढलं, मोटर चालू. साळवे म्हणाले, “मुंबईच्या माणसाला येऊ नका म्हणून सांगा. रस्त्यात असेल बिचारा.”

सभासद हसले. पण साळवे गंमत करत नव्हते, ते चिडले होते. न बघता ओढणाऱ्या माणसांचा त्यांना मनापासून राग यायचा. त्यांचं म्हणणं असं की मोटर चालू झाली नाही तर तिला तीन प्रश्न विचारायचे: ठिणगी येते का, पेट्रोल पोचतं का, हवा मिळते का. क्रमाने विचारायचे आणि एकाचं उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. “चौथा प्रश्न लोक आधी विचारतात,” ते म्हणत, “चूक कुणाची.”

साळव्यांचे वडील मार्केट यार्डात पोती वाहत. आजोबांनी बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हापासून घरात एक शिस्त होती, ती साळवे स्वतः सांगत: मान खाली घालायची ती पुस्तकात नाहीतर कामात. शाळा दहावीपर्यंत, मग स्कूटरच्या गॅरेजात. आउटबोर्डचं शास्त्र ते एका फाटक्या इंग्रजी पुस्तकावरून शिकले, शेजारी शब्दकोश ठेवून. त्या पुस्तकाच्या समासात त्यांच्या अक्षरात मराठी अर्थ लिहिलेले होते. अक्षर इतकं सुरेख की मी एकदा म्हटलं, “साळवे, तुम्ही माझ्या जागी बसायला हवं होतं.” ते म्हणाले, “आणि मोटर तुम्ही बघणार? नको, मॅडम. क्लब बुडेल.”

मान खाली न घालण्याचा एक किस्सा सांगायलाच हवा. आमचे सेक्रेटरी शहरातले नावाजलेले गृहस्थ. सभासदांशी बोलताना ‘आपण’च्या खाली येत नसत. साळव्यांना मात्र पहिल्याच आठवड्यात त्यांनी धक्क्यावरून हाक मारली, “अरे साळवे, इकडे ये.”

साळव्यांनी मान वर केली नाही. सेक्रेटरींनी दुसऱ्यांदा हाक मारली, मग तिसऱ्यांदा जोरात. साळव्यांनी हात पुसले, पाना जागेवर ठेवला, शांतपणे चालत गेले आणि म्हणाले, “साहेब, मी आपल्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे. नसतो तरी ‘अहो’ चाललं असतं.”

सेक्रेटरी लाल झाले. ‘अहो’ म्हणायची त्यांची जीभ काही वळेना आणि ‘अरे’ म्हणायची हिंमत राहिली नाही. त्यामुळे पुढची चौदा वर्षं त्यांनी साळव्यांना हाकच मारली नाही. “मोटरीचं काय झालं?” असं हवेत बघून विचारत. साळवेही हवेत बघून उत्तर देत. बाहेरच्या माणसाला वाटावं, दोघं मिळून एखादा पक्षी शोधतायत.

खराडीतल्या एका आयटी कंपनीतल्या तरुणाने बॅकवॉटरला हौसेची बोट ठेवली होती. त्याची मोटर पाच मिनिटं चालायची आणि बंद पडायची, मग तासभर चालू व्हायची नाही. शहरातल्या एका मेकॅनिकने त्याला सांगितलं होतं, इंजिन संपलं, नवं घ्या. तो रडवेला होऊन साळव्यांकडे आला. साळव्यांनी ठिणगी बघितली, होती. मग टाकीपासून इंजिनाकडे जाणारी नळी बघितली. तिच्या मध्ये दाबायचा एक रबरी फुगा असतो, पेट्रोल पुढे ढकलायला. तो चोखलेल्या आंब्यासारखा चपटा झाला होता. साळव्यांनी टाकीचं झाकण उचललं. झाकणाला हवा आत जायला बारीक भोक असतं, त्यात कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. टाकीत हवा जात नव्हती, म्हणून पेट्रोल बाहेर येत नव्हतं. काडीने माती काढली, मोटर दुपारभर चालली.

तो तरुण आनंदाने नाचायचा बाकी होता. साळवे मात्र दोन दिवस धुमसत होते. “कळत नाही तर कळत नाही म्हणावं ना, मॅडम! त्यात काय कमीपणा आहे? माशीचं घर दिसलं नाही म्हणून माणसाचं इंजिन टाकून द्यायला निघाले!” तिसऱ्या दिवशी त्यांनी त्या मेकॅनिकचा नंबर मिळवला आणि फोन करून भोकाबद्दल सगळं समजावून सांगितलं, अगदी आदराने. पलीकडचा माणूस फोन आपटून मोकळा झाला. साळवे म्हणाले, “असू दे. ऐकलं तर आहे. पुढच्या वेळी झाकण उघडेल.”

आता नोंदवहीकडे येते, कारण सगळं तिथेच अडतं.

मोटरीला हात लावला की साळवे एका लांबट वहीत लिहीत: काय दिसलं, काय केलं, काय करायचं राहिलं. खाली त्यांची सही आणि बाजूला ‘पाहिले’ म्हणून माझी. मी कधी न वाचता सही करायला गेले तर वही मागे ओढत. “वाचा आधी. नुसती सही माझीच आहे की तिथे.” त्या पावसाळ्याच्या आधी त्यांनी मोटरबोटीबद्दल तीन नोंदी केल्या. मला त्या पाठ आहेत. पहिली: टाकीतले पेट्रोल जुने आहे, पाणी धरले आहे, काढून टाकावे. दुसरी: इंजिन थंड ठेवण्यासाठी पाणी खेचणारी रबरी चक्री झिजली आहे, मागवावी. तिसरी, लाल शाईत: वरील दोन्ही झाल्याशिवाय ही बोट बचावकार्यासाठी वापरू नये.

तिन्ही नोंदी मी सेक्रेटरींच्या टेबलावर उघडून ठेवल्या. ते म्हणाले, “बघू.” पुढच्याच रविवारी त्याच बोटीतून त्यांनी पाहुण्यांना फोटोसाठी फिरवलं आणि संपत आलेल्या टाकीत जुन्यावरच नवं पेट्रोल ओतायला लावलं. साळव्यांनी हरकत घेतली. तेव्हा सेक्रेटरी हवेत बघून म्हणाले, “यापुढे रोज यायची गरज नाही. बोलावलं की यावं.”

मग धरण भरलं आणि पाणी सोडलं. मुठेच्या काठच्या सोसायट्यांत पहाटे पाणी शिरलं. सकाळी आठला क्लबला फोन आला, बोट असेल तर पाठवा. जीपमागे बोट जोडून सेक्रेटरी निघाले, नामदेव आणि मीही. रस्ता जिथे पाण्यात उतरत होता तिथे बोट सोडली. समोर तळमजले बुडालेले, गच्च्यांवर आणि पहिल्या मजल्यांच्या खिडक्यांत माणसं. तळमजल्याच्या एका घरात खिडकीच्या गजांना धरून एक म्हातारे गृहस्थ छातीभर पाण्यात उभे होते. निवृत्त शिक्षक होते, असं नंतर कळलं. त्यांच्या घराचं दार पाण्याच्या दाबाने उघडत नव्हतं. ते ओरडत नव्हते. आमच्याकडे बघत होते.

नामदेव दोरी ओढायला लागला.

तो ओढतोय, सेक्रेटरी “जोरात, जोरात” म्हणतायत, खिडकीतली माणसं बघतायत. मोटर एकदा खोकायची आणि गप्प. वल्ह्यांनी जायचा प्रयत्न केला तर प्रवाहाने बोट शंभर फूट खाली नेऊन एका भिंतीवर टेकवली, ती परत ओढून आणावी लागली. “साळव्यांना बोलवू का?” मी विचारलं. “होईल आत्ता चालू,” सेक्रेटरी म्हणाले. अर्धा तास गेला. मग मी न विचारता फोन केला. तो अर्धा तास मी थांबायला नको होतं.

साळवे पंधरा मिनिटांत आले. जुनी टू-स्ट्रोक स्कूटर पाण्याच्या कडेला लावली आणि पेटी खांद्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातून आमच्यापर्यंत. पहिला प्रश्न नामदेवला, “किती वेळा ओढलीत?”

“साठ-सत्तर येळा असंल.”

“पेट्रोल तेच?”

नामदेवने सेक्रेटरींकडे बघितलं. साळव्यांनी बघितलं नाही. पेटीतून काचेची बरणी काढली, टाकीतलं पेट्रोल तिच्यात ओतून उजेडात धरलं. वर पिवळसर थर, खाली पाण्याचा. बरणी त्यांनी जीपच्या बॉनेटवर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली आणि कामाला लागले.

दोन्ही प्लग काढले, ओलेचिंब. प्लग काढलेलेच ठेवून नामदेवला दोरी ओढायला लावली, तशी आत साचलेली घाण फवाऱ्यासारखी बाहेर उडाली. कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू सोडून त्यातलंही पाणी वाहू दिलं. शर्टाच्या खिशातून दोन नवे प्लग काढले, एक इंजिनाला टेकवून ठिणगी बघितली, मग बसवले. “आता पेट्रोल,” ते म्हणाले, बोटीची टाकी पूर्ण उपडी केली आणि ती घेऊन परत स्कूटरकडे गेले. त्या स्कूटरला मोटरीसारखंच तेल मिसळलेलं पेट्रोल लागायचं. नळीने तोंडाने ओढून त्यांनी स्कूटरची टाकी तिच्यात रिकामी केली, थुंकले, बोटीशी येऊन रबरी फुगा घट्ट होईपर्यंत दाबला, चोक ओढला. “आता ओढा. एकदाच, मनापासून.”

दुसऱ्या ओढीला मोटर पेटली. पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि गच्चीवरची माणसं ओरडली.

पण साळवे मोटरीच्या मागे बघत होते. थंड करणारं पाणी जिथून धार धरून बाहेर पडायला हवं, तिथून नुसते थेंब येत होते. दुसरी नोंद. ती झिजलेली चक्री. अशी मोटर चालवली तर काही मिनिटांत तापून कायमची जाम होते, आणि ती पाण्याच्या मध्यावर जाम झाली असती तर बोटीतली माणसं गेली असती. साळव्यांनी झाकण काढून टाकलं, स्वतः बोटीत चढले आणि इंजिनाच्या डोक्यावर तळहात ठेवून बसले. चटका असह्य झाला की ओरडत, “बंद!” मग नामदेव वल्हं भिंतींना टेकवत, काठावर बांधलेल्या दोराला धरत बोट सांभाळायचा, साळवे डब्याने इंजिनावर पाणी ओतायचे, आणि पुन्हा चालू. सगळ्यात आधी ते त्या शिक्षकांच्या खिडकीशी गेले. गज कापून त्यांना बाहेर काढलं. अशा फेऱ्या दुपारपर्यंत चालल्या. साळव्यांचा उजवा तळहात भाजून सोलला होता, तो त्यांनी रुमालात गुंडाळला आणि मला म्हणाले, “मॅडम, वहीत लिहून ठेवा. चक्री अजून बदललेली नाही.”

शिक्षक आठ दिवसांनी हॉस्पिटलात वारले. छातीत पाणी झालं होतं. त्यांच्या मुलाने क्लबला पत्र लिहिलं. त्यात एकही वाईट शब्द नव्हता, फक्त एक प्रश्न होता: बोट समोर असताना माझे वडील तासभर पाण्यात का उभे होते?

या प्रश्नाला खरं उत्तर होतं. ते तीन नोंदींत होतं. कमिटी बसली तेव्हा सेक्रेटरींनी सांगितलं की नोंदवही पुरात भिजून खराब झाली. आमचं ऑफिस टेकाडावर आहे. तिथे पुराचा थेंब आला नव्हता. पुढे ते म्हणाले, मोटरीची देखभाल ही मेकॅनिकची जबाबदारी होती आणि तिच्यात हयगय झाली.

साळवे उभेच होते, त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं. ते म्हणाले, “साहेब, वही नसेल. मी आहे. विचारा.”

कुणी काही विचारलं नाही. मग मी उठले. म्हटलं, “नोंदी होत्या. तिन्ही मी वाचल्या आहेत. तिन्हींखाली माझी सही आहे.”

“मॅडम,” अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले, “आपण इतिवृत्त लिहायला बसला आहात ना? लिहा.”

मी लिहिलं. माझं वाक्यही लिहिलं. मसुदा मंजुरीला गेला आणि परत आला तेव्हा ते वाक्य लाल पेनाने खोडलं होतं. मी ते काढून पुन्हा टाइप केलं. मग साळव्यांना कामावरून कमी केल्याचं पत्र, तेही मीच. ‘हयगय’ हा शब्द माझ्या बोटांनी उमटला. मी नोकरी सोडली असं इथे लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. मी अजून तिथेच आहे. हे छापून आल्यावर असेन की नाही, ते कळेलच. शिक्षकांच्या मुलाला मात्र मी माझ्या हाताने पत्र लिहिलं आहे, तिन्ही नोंदींसह, खाली नाव-पत्ता घालून. उशिरा लिहिलं, पण लिहिलं.

साळवे सामान न्यायला आले तो गुरुवार होता. पत्र त्यांच्या खिशात होतं. मी म्हटलं, “साळवे, मी मीटिंगमध्ये बोलले होते...”

“बोललात ते ऐकलं,” ते म्हणाले. “टाइप केलंत तेही वाचलं.”



गेटवर वॉचमनला हुकूम होता, जाताना पेटी तपासायची. चौदा वर्षं जी पेटी आली-गेली, ती तपासायची! वॉचमन बिचारा मान खाली घालून “राहू द्या हो काका, जावा तुम्ही” म्हणाला. साळवे म्हणाले, “नाही, तुमचं काम करा.” आणि एकेक हत्यार काढून टेबलावर मांडलं: पाने, पक्कड, प्लगचा पाना, ती काचेची बरणी, फाटकं इंग्रजी पुस्तक. प्रत्येकाचं नाव सांगून वॉचमनकडून कागदावर लिहून घेतलं, खाली त्याची सही घेतली. मग त्याच क्रमाने सगळं परत भरलं. भाजलेल्या हाताची बोटं नीट मिटत नव्हती, त्यामुळे वेळ लागला. मी व्हरांड्यात उभी राहून बघत होते.

त्याच वेळी धक्क्यावर दुसऱ्या एका एजन्सीचा माणूस मोटरीशी झटत होता. पाहुणे आले होते, सेक्रेटरी टोपी घालून उभे होते. दोरी ओढल्याचा आवाज येत होता. एकदा, दोनदा, दहादा. मोटर खोकायची आणि गप्प व्हायची. साळव्यांनी पेटी स्कूटरच्या पुढ्यात ठेवली, किकवर पाय ठेवला आणि थांबले. मान जरा तिरकी करून ऐकत राहिले. मी मनात म्हणत होते, जा. काही सांगू नका. ओढू दे त्यांना संध्याकाळपर्यंत.

“ओ भाऊ!” साळवे गेटमधून ओरडले. “जास्त पेट्रोल भरलंय त्यात! चोक आत ढकला, रेस पूर्ण उघडा, मग ओढा!”

त्या माणसाने तसं केलं. मोटर चालू झाली. धक्क्यावर पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, सेक्रेटरींनी टोपी काढून हलवली. गेटकडे एकानेही वळून बघितलं नाही. मला साळव्यांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मात्र मोटरीचा आवाज एकसारखा लागेपर्यंत वाट पाहिली, मग किक मारली आणि डाव्या हाताने हँडल सांभाळत, उजव्याच्या नुसत्या बोटांच्या टोकांनी रेस देत, रस्त्याला लागले.